कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक

जुन्या मुंबई इलाख्यातील एखाद्या तालुक्याच्या कचेरीत पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास जो कोणी कामानिमित्त गेला असेल त्याने, खजिन्याची खोली, पहाऱ्यावरचा शिपाई, अर्ज लिहून देणारे आणि ताटकळत बसलेले पक्षकार या साऱ्या गर्दीपासून थोडे अलग, आवाराच्या मोकळ्या कोपऱ्यात कुंपणाआड ओट्यावर बसवलेले एक लहानसे धातूचे नळकांडे खचित पाहिले असेल. ठरल्या वेळी एक कारकून बाहेर येई, वरचे नरसाळे उचलून आतल्या बाटलीत साठलेले पाणी रेघा आखलेल्या काचेच्या मापात ओती, माप डोळ्यांच्या पातळीस धरून आकडा वाची आणि तो बांधीव वहीत उतरवून पुन्हा आपल्या मेजाकडे जाई. या कामास पाच मिनिटेही लागत नसत, आणि ते करणाऱ्या माणसास आपण काही शास्त्रीय कार्य करीत आहोत असे क्वचितच वाटले असेल. परंतु हिंदुस्थानातील पावसाविषयी जे काही खात्रीने सांगता येते त्याचा पाया अशा हजारो कारकुनांनी वर्षानुवर्षे उतरवलेल्या या आकड्यांवरच उभारलेला आहे.

हे यंत्र मामलेदाराच्या कचेरीत का असावे, याचे कारण शोधू गेल्यास दोन हजार वर्षे मागे जावे लागते. कारण या भूमीवर पाऊस मोजण्याची गरज प्रथम भासली ती आकाशाच्या जिज्ञासूंना नव्हे, तर धान्याचा आणि साऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात संनिधात्याची, म्हणजे राजाच्या भांडारांवरील अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना कोष्ठागारात एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड वर्षमान म्हणून ठेवावे असा दंडक घालून दिला आहे. अरत्नी म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचे अंतर, सुमारे दीड फूट. कोष्ठागार म्हणजे धान्याचे कोठार. आणि तेथेच पर्जन्यपात्र ठेवण्याची आज्ञा असावी यातच त्या मापनाचा हेतू उघड होतो. पुढे शेतीवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणात निरनिराळ्या देशांचे पर्जन्यमान द्रोणांत दिलेले आढळते: जांगल प्रदेशात १६ द्रोण, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अश्मकात साडेतेरा, अवंतीत २३, आणि अपरान्तात व हिमालयाच्या भागात अमित. महाराष्ट्रीय वाचकाने येथे थोडे थांबावे, कारण अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा प्रदेश आणि अपरान्त म्हणजे आपले कोकण. गोदातीरीचा पाऊस जांगल देशाहूनही कमी आणि कोकणचा पाऊस मोजण्यापलीकडचा, हे सह्याद्रीच्या दोन अंगांचे वैषम्य त्या ग्रंथकाराने दोन शब्दांत नमूद करून ठेवले आहे. एवढेच नव्हे, तर एकूण पाऊस किती पडला यापेक्षा तो कोणत्या महिन्यात किती पडला यावर पीक अवलंबून असते, हे तत्त्वही त्यास पुरते अवगत होते. पावसाळ्याच्या पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस व्हावा, हे तो उत्तम वर्षाचे लक्षण मानतो.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत हाच विषय अधिक विस्ताराने घेतला. एक हात व्यासाचे कुंड, पन्नास पलांचा एक आढक आणि चार आढकांचा एक द्रोण, असे मापनाचे कोष्टक त्याने दिले. पण त्याचे खरे लक्ष भाकिताकडे होते. मेघांना गर्भ राहतो आणि तो १९५ दिवसांनी प्रसवतो, म्हणून हिवाळ्यातील वारे, ढग, विजा व सूर्य-चंद्रांभोवतीची खळी पाहून पुढील पावसाळ्याचे अनुमान करावे, अशी ही विद्या आहे. तिच्यातील कार्यकारणभाव आज ग्राह्य धरता येत नाही. तथापि पावसाळ्याचे बीज त्याआधीच्या हिवाळ्यात शोधावे ही तिची मूळ दिशा मात्र, पुढे आपण पाहूच, अगदीच वावगी नव्हती.

या शास्त्रपरंपरेचा लोकांत जो अंश झिरपला तो नक्षत्रांच्या रूपाने. मृगापासून स्वातीपर्यंतचा हिशेब, प्रत्येक नक्षत्राचे वाहन, बेडूक किंवा म्हैस असल्यास पाऊस भरपूर आणि कोल्हा असल्यास हुलकावणी, पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, पाडव्याचे पंचांगवाचन, बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची अक्षय्यतृतीयेची घटमांडणी, ही सर्व आमच्या शेतकऱ्याची पंचांगी वेधशाळाच होती. नक्षत्रांचा हा क्रम सूर्याच्या गतीवर बेतलेला असल्यामुळे पेरणी-लावणीचे वेळापत्रक म्हणून तो खरोखर उपयुक्त आहे, आणि त्यास हसणारांनी प्रथम एखाद्या खरिपाची पेरणी करून पाहावी. परंतु मृगाचा पाऊस चांगला झाला असे म्हणणाऱ्या दोन गावांत नक्की किती पाऊस झाला, हे त्यातून समजत नाही. मराठेशाहीच्या महसुली व्यवस्थेतही पाऊस मोजण्याऐवजी पीक पाहण्याची चाल होती. पाहणीदार शिवारात जाई, उभे पीक नजरेखाली घाली, आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या साक्षीने सूट, तहकुबी किंवा तगाई यांचा निवाडा होई. माणसाच्या नजरेवर, आणि म्हणून त्याच्या सचोटीवर व त्याच्यावर आणलेल्या दडपणावर, सारी मदार असे.

इकडे पाऊस पात्राने मोजण्याचा प्रघात मागे पडला असताना कोरियात १४४१-४२ साली राजा सेजोंग याच्या कारकिर्दीत एकाच ठरावीक मापाची पर्जन्यपात्रे घडवून ती प्रांतोप्रांती धाडण्यात आली, आणि तेथील अधिकाऱ्यांनी पावसाचे आकडे राजधानीस कळवावेत असा हुकूम निघाला. तेथेही मूळ निकड शेतीची आणि साऱ्याचीच होती. युरोपातील पर्जन्यमापन याहून सुमारे दोन शतकांनी सुरू झाले.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला तेव्हा नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न हाच होता की या जमिनीवर सारा किती बसवावा. एल्फिन्स्टनने १८२४ साली कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामी नेमले. साइक्स हा चौफेर जिज्ञासेचा मनुष्य. पक्षी, मासे, पिके, गावांचे वतनदार, यांच्याबरोबरच वायुभारमापक आणि तापमापक घेऊन तो मुलूखभर हिंडला. वायुभारमापकातील पारा दररोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढतो, दुपारी तीन-चारला उतरतो, रात्री पुन्हा चढतो, या दैनंदिन भरती-ओहोटीविषयी आणि दख्खनच्या हवामानाविषयी त्याने लिहिलेला विस्तृत निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नव्या जमाबंदीस प्रारंभ केला, आणि त्या पद्धतीत तालुक्यातील गावांचे जे गट पाडले जात त्यात बाजारपेठेच्या सान्निध्याबरोबर हवामान हाही एक निकष असे. घाटमाथ्यापासून पूर्वेस जसजसे जावे तसतसा पाऊस ओसरत जातो आणि साऱ्याचा दरही त्याप्रमाणे उतरला पाहिजे, हे मान्य झाले, तेव्हा पावसाचा आकडा हा सरकारी दप्तराचा अविभाज्य भाग होणे क्रमप्राप्तच होते. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडावा आणि तेथून पसरणीचा घाट उतरून वाईस यावे तो एक हजारही भरू नये, अशा प्रदेशात नजरपाहणीने काय निभावणार?

आता त्या नळकांड्याकडे जरा निरखून पाहू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सायमन्स या गृहस्थाने १८६० पासून हौशी निरीक्षकांची एक मोठी फळी उभारून पर्जन्यमापनाला शिस्त लावली, आणि त्याच्याच नावाचे यंत्र आपल्याकडे रूढ झाले. पितळी कडेच्या नरसाळ्याचे तोंड पाच इंचांचे, म्हणजे १२७ मिलिमीटरचे. आत पाणी साठवणारी बाटली. आणि बाटलीहून निराळे, अरुंद असे मापनपात्र. नरसाळ्याच्या मोठ्या तोंडात पडलेले पाणी अरुंद पात्रात ओतले म्हणजे त्याची उंची अनेकपट वाढते, आणि त्यामुळे एका इंचाचा शंभरावा हिस्साही डोळ्यांना वाचता येतो. जुन्या वह्यांत आकडे इंच आणि सेंट यांत आढळतात ते याचमुळे. पुढे दशमान पद्धती आल्यावर त्यांची जागा मिलिमीटरांनी घेतली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हा हिशेब शेतकऱ्यासही सहज उमगतो.

या यंत्राची जागा मात्र त्याच्या घडणीइतकीच महत्त्वाची आहे. त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि काटेकोर समपातळीत असावी, जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ते असावे, आणि ते छपरावर कदापि बसवू नये, असे जे नियम आहेत त्यांच्यामागे एक मनोरंजक इतिहास आहे. लंडनचे वैद्य हेबर्डन यांनी १७६६ साली वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माथ्यावर, शेजारच्या एका घराच्या छपरावर आणि खाली बागेत अशी तीन पर्जन्यपात्रे वर्षभर ठेवली, तेव्हा सर्वांत उंचावरच्या पात्रात बागेतल्या पात्राच्या निम्म्याहून थोडेच अधिक पाणी निघाले. पाऊस खाली येता येता वाढतो की काय, अशी शंका विद्वानांना कित्येक दशके सतावत राहिली. अखेरीस १८६१ मध्ये जेव्हन्स यांनी दाखवून दिले की हा सारा वाऱ्याचा प्रताप आहे. उंचावर वारा जोराचा असतो, पात्राच्या कडेवर आपटून तो वर उसळतो आणि थेंबांना बाजूस उडवून नेतो. कचेरीच्या छपराची उंच, सुरक्षित जागा सोडून यंत्र अंगणात का आणले, आणि कुंपणालगत वाढलेली बाभूळ वेळोवेळी का छाटायची, याचे उत्तर असे वेस्टमिन्स्टरच्या गच्चीवर सापडते.

तालुक्यातालुक्यांतील या विखुरलेल्या आकड्यांना ज्या स्थानाने शास्त्राची बैठक दिली ते म्हणजे मुंबईची कुलाबा वेधशाळा. १८२६ साली कंपनी सरकारने ती स्थापली ती ग्रहताऱ्यांचे वेध आणि जहाजांना अचूक वेळ देण्याच्या हेतूने; १८४० च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकीय व वातावरणीय निरीक्षणांस आरंभ झाला. या कामी साहाय्यक म्हणून जो तरुण विद्यार्थी नेमला गेला त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे अध्यापक म्हणून ज्यांनी कीर्ती मिळवली, आणि ज्यांच्या शिष्यांत लोकमान्य टिळकांची गणना होते, ते केरूनाना पंधरा-सोळा वर्षांच्या वयात कुलाब्याच्या खडकावर यंत्रांचे आकडे टिपण्याच्या कामी लागले होते, ही गोष्ट आमच्या शास्त्रीय इतिहासात अधिक ठळकपणे लिहिली जावयास हवी. नियमित निरीक्षणाची जी चिकाटी एका पिढीच्या गणितशिक्षणात उतरली, तिचे एक मूळ येथे आहे. १८७८ साली वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांनी मुंबई इलाख्याच्या हवामानावर एक मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि १८९६ मध्ये नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे त्या वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले.

पर्जन्यमापक झालेला पाऊस सांगतो. होणाऱ्या पावसाची चाहूल लागते ती वायुभारमापकाला. पारा सावकाश उतरू लागला की आसपासची हवा कोठेतरी वर चढते आहे आणि भोवतालचे दमट वारे त्या कमी दाबाकडे धाव घेत आहेत असे समजावे. आणि अनेक ठिकाणचे दाब एकाच वेळी तारेने कळवून एका नकाशावर मांडले, तर समुद्रात उठलेले वादळ किनाऱ्यास पोहोचण्यापूर्वी ओळखता येते. तारायंत्रावाचून वायुभारमापक हा एका गावापुरताच शहाणा राहिला असता. कोकणच्या बंदरांत तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढून घेणारा मच्छीमार ज्या इशाऱ्यावर विसंबतो, तो या दोन साधनांच्या मिलाफातून जन्मला.

१८६४ चे कलकत्त्याचे भयंकर चक्रीवादळ आणि त्यानंतरची ओरिसातील अन्नान्नदशा यांनी सरकारला जाग आणली, आणि १८७५ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच हवामान खाते स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. लगेच पुढच्या वर्षी दख्खनवर जो दुष्काळ कोसळला त्याने पावसाच्या पूर्वसूचनेचा प्रश्न जीवनमरणाचा करून सोडला. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे प्रतिपादिले की हिमालयावर हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडले तर पुढील पावसाळा उणा पडतो, आणि या आधारावर जून १८८६ मध्ये सरकारी रीतीने पहिले दीर्घ पल्ल्याचे भाकीत प्रसिद्ध झाले. पावसाळ्याचे मूळ हिवाळ्यात शोधण्याचा हा प्रयत्न वराहमिहिराच्या गर्भधारणेची आठवण करून देतो खरा. भेद इतकाच, आणि तो फार मोठा भेद आहे, की ब्लॅनफर्डचे विधान आकड्यांनी खोडून काढता येण्याजोगे होते.

आणि तशी वेळ आलीही. त्यांच्यानंतरच्या सर जॉन एलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले, आणि त्या वर्षी पावसाने जी पाठ फिरवली तिने गुजरातपासून वऱ्हाडापर्यंत लाखो माणसे व गुरे यांचा घास घेतला. या आघातानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे खात्याचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे गणिती होते; हवामानशास्त्राचा त्यांस पूर्वानुभव नव्हता, आणि मला वाटते हेच त्या काळी हिताचे ठरले. मोसमी पाऊस का पडतो याची उपपत्ती हाती नसेल तर निदान तो कशाकशाबरोबर कमीजास्त होतो हे तरी शोधावे, अशा निश्चयाने त्यांनी जगभरच्या वायुभाराचे, तापमानाचे, पावसाचे जुने आकडे जमवले आणि कार्यालयातील हिंदी कारकुनांच्या एका मोठ्या ताफ्याकडून त्यांचे परस्परसंबंध हाताने मोजून काढवले. या अफाट गणितातूनच प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणे आळीपाळीने वरखाली होतो हा शोध लागला, आणि त्यास वॉकर यांनी दक्षिणी आंदोलन हे नाव दिले. एल निन्योच्या नावाने आज वृत्तपत्रांत जी चर्चा चालते तिचा एक धागा त्या कारकुनांच्या बेरीज-वजाबाक्यांपर्यंत जातो. त्यांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आली नाहीत.

१९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरच्या त्या भव्य दगडी इमारतीस पुणेकर आजतागायत सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले तरी यंत्रांची शाखा, आकड्यांचे भांडार आणि दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचे काम पुण्यातच राहिले. १९३२ पासून येथेच एल. ए. रामदास यांनी कृषिहवामानशास्त्राचे दालन उभे केले, आणि जमिनीलगतच्या हवेचे, मातीच्या तापमानाचे व दवाचे मापन पिकांच्या गरजांशी जोडून दाखवले. घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळ्यावर कागद गुंडाळून त्यावर लेखणीने पावसाची रेघ आपोआप उमटवणारी यंत्रेही मोठ्या वेधशाळांत आली. पात्रात दहा मिलिमीटर पाणी भरले की वक्रनलिकेवाटे ते एकदम रिते होते, लेखणी शून्यावर कोसळते आणि पुन्हा चढू लागते, आणि त्या करवतीसारख्या रेघेवरून कोणत्या घटकेस सर किती जोराची होती ते कळते. चोवीस तासांचा एकच आकडा देणाऱ्या साध्या यंत्रास हे साधत नाही. आणि पूर, धूप व धरणाचे सांडवे यांचा हिशेब तर एकूण पावसापेक्षा त्याच्या जोरावरच अधिक चालतो.

दरम्यान महसुली खात्याशी पावसाचे नाते तुटले नव्हते. पिकाची आणेवारी चार आण्यांच्या आत आली तर सारा पूर्ण तहकूब, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान आली तर निम्मा, असा इलाख्याचा नियम होता; आणि १९१८ चा खेड्याचा सत्याग्रह, आदल्या वर्षीच्या अतिवृष्टीने पीक चार आण्यांच्या आत आले की वर राहिले, याच वादावर उभा राहिला. पर्जन्यमापकाचा आकडा निर्विवाद असला तरी त्यावरून पिकाचा अर्थ लावणारा अधिकारी निर्विवाद नसतो, हे त्या लढ्याने सर्वांस दाखवले.

भाकिताच्या बाजूने पुढची मोठी मजल १९८८ साली पडली. पुण्याचे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान तयार झाले, आणि वर्षामागून वर्ष त्याचा अंदाज जुळत गेल्यामुळे घराघरांत त्याचे नाव झाले. २००२ मध्ये मात्र पाऊस साधारण होईल असे सांगितले गेले असता देशभरात तो सरासरीहून सुमारे १९ टक्के उणा पडला, आणि ते प्रतिमान मागे घेऊन नवी बांधणी करावी लागली. या प्रसंगी खात्यावर जी टीका झाली तीत रास्त अंश होता. पण ज्या शास्त्रात अंदाज लेखी जाहीर होतो आणि वर्षअखेर त्याचा ताळा मोजलेल्या आकड्याशी घेतला जातो, ते शास्त्र निदान स्वतःची चूक लपवू शकत नाही, ही गोष्ट टीकाकारांनी दृष्टीआड केली याचे मला वाईट वाटते.

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयाने पर्जन्यमापनाविषयी वेगळाच धडा दिला. सांताक्रूझच्या यंत्रात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात केवळ ७३. ज्या कुलाब्याच्या आकड्यावर मुंबईचा पाऊस म्हणून दीडशे वर्षे विश्वास ठेवला गेला, त्याच्या दृष्टीने तो दिवस पावसाळ्यातल्या इतर दिवसांसारखाच होता. त्यानंतर शहरभर ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले आणि कुलाब्यास डॉप्लर रडार आले. आता ढगांतील पाण्याचा अंदाज दुरून घेता येतो, परंतु रडारच्या प्रतिध्वनीचे पावसात रूपांतर करताना कसोटीस लावावा लागतो तो जमिनीवरील पात्रात प्रत्यक्ष पडलेल्या पाण्याचाच आकडा.

ग्रामीण महाराष्ट्रात हाच प्रश्न आज महसूल मंडळाच्या रूपाने उभा आहे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि मग पंचनामे व नुकसानभरपाई, असा शासनाचा निकष आहे. तालुक्याच्या ठिकाणी असलेला पर्जन्यमापक त्यासाठी मंडळापर्यंत खाली उतरला आणि कारकुनाची जागा स्वयंचलित यंत्राने घेतली. पण एका मंडळात अनेक गावे असतात, आणि आश्विनातला वळीव एका शिवारात सोयाबीन आडवे करून शेजारच्या शिवारावरून कोरडाच निघून जातो. म्हणून गावोगावी पर्जन्यमापक असावा ही मागणी मी अत्यंत रास्त समजतो. आणि तिच्याबरोबर दुसरीही एक मागणी जोडावीशी वाटते: तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत पावसाच्या ज्या जुन्या हस्तलिखित वह्या अद्याप शाबूत असतील, त्या निरुपयोगी कागदांत काढण्यापूर्वी पुण्याच्या भांडारातील नोंदींशी पानोपान ताडून पाहाव्यात. गावच्या नव्या यंत्राने उद्या दाखवलेला आकडा नेहमीचा की अपूर्व, हे ठरवण्यास त्या वह्यांखेरीज दुसरे साधन नाही.